हिरकणवाडीचा थांबा

बाळंतपणाची रजा संपवून मी वाहक म्हणून परत एसटीच्या गाडीवर चढले तेव्हा माझी लेक सहा महिने आणि चार दिवसांची होती. २०१६ चा मे महिना. ड्युटी महाड ते पनवेल आणि परत. पहाटे पावणेसहाला गाडी फलाटावर लागायची. त्याआधी अर्धा तास आगारात जाऊन तिकीट मशीन ताब्यात घ्यायचं, वेबिल घ्यायचं, सुट्टे मोजून बॅगेत टाकायचे, बिल्ला लावला आहे ना ते बघायचं. सहा वर्षांच्या नोकरीत हे सगळं हातात बसलेलं होतं. त्या दिवशी मात्र सुट्टे तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

लोणेऱ्यापर्यंत मी ठीक असायचे. गाडी भरलेली, तिकिटं काढण्यात वेळ जायचा. माणगाव सुटलं की छाती ताठायला लागायची. कोलाड येईपर्यंत दगडासारखी घट्ट व्हायची आणि हात वर करून दांडी धरली तरी कळ यायची. त्यात गाडीत कुणाचं मूल रडलं की माझं काही चालायचं नाही. पान्ह्याला आपलं मूल आणि लोकांचं मूल असा भेद कळत नाही. कुठल्या तरी बाकावर एक अनोळखी पोर भुकेनं रडायचं आणि इकडे मी भिजायचे. खाकी कापडावर ओल लगेच काळी दिसते. मी पैशांची चामडी बॅग पुढे ओढून घ्यायचे, पट्टा छातीवरून आडवा करायचे आणि तशीच पुढच्या बाकाकडे सरकायचे. "कुठं जायचं, काका?" हे विचारताना आवाज नेहमीसारखा ठेवायला फार बळ लागायचं.

एकदा नागोठण्याला एक म्हातारी चढली. सुकटीची टोपली, डोक्याला फडकं. तिचं तिकीट काढत होते तेवढ्यात मागे एक मूल रडलं. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाय, घरी तान्हं हाय ना?" मी मान हलवली. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि माझ्या खांद्यावर पदरासारखं टाकलं. "पेणपर्यंत ऱ्हाऊ दे." त्या फडक्याला सुकटीचा वास होता. पेणला ती उतरली, फडकं परत डोक्याला बांधलं आणि टोपली उचलून चालू लागली. नंतर ती मला कधी दिसली नाही. तिचा चेहराही आता नीट आठवत नाही. तो वास मात्र आठवतो.

पनवेलला गाडी लागली की अर्धा तास मिळायचा. महिला वाहकांच्या खोलीत जाऊन दूध पिळायचं आणि मोरीत सोडून द्यायचं. तिथून ते घरी नेणार कसं, आणि मेच्या उन्हात टिकणार कसं? माझ्या बाळाच्या तोंडचा घास मी स्वतःच्या हातानं नळाखाली सोडतेय असं वाटायचं. पहिल्या आठवड्यात मी रोज रडले. मग तोंड धुवून, केस चापून परतीची फेरी घ्यायचे.

घरी काय चाललं असेल याचा घोर दिवसभर असायचा. नवरा औद्योगिक वसाहतीत शिफ्टला. बाळाजवळ फक्त सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. तेव्हा त्या सत्तरीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरत असलेल्या. आमच्या आशाताईंनी मला शिकवलं होतं की पहाटे निघण्याआधी दूध काढून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवायचं. खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये दिवसभर. बाटली नको, वाटी-चमच्यानं पाजायचं. आईंना हे पटेना. "काढलेलं दूध कोण पाजतं गो पोराला? गाईचं आहे की." मी काही बोलले नाही. त्यांच्या काळाचा अनुभव त्यांच्यापाशी होता आणि मूल त्यांच्याच हवाली करून मी जाणार होते. भांडून कसं चालेल?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी तीनला मी घरी पोचले तर ओट्यावर चांदीचं एक बोंडलं उलटं घालून ठेवलेलं. माझ्या नवऱ्याचं, त्याच्या लहानपणचं. आईंनी ते पेटीतून काढून चिंचेनं घासलं होतं, उकळत्या पाण्यात टाकलं होतं आणि त्यातून माझं दूध माझ्या मुलीला पाजलं होतं. "चमच्यानं सांडतं," एवढंच म्हणाल्या. मग सगळा हिशोब दिला. दोनदा दूध, एकदा नाचणीचं सत्त्व, एकदा मऊ भात, किती वेळ झोपली, किती वेळा ओलं केलं. मी वेबिल भरून द्यावं तसा चोख हिशोब. पुढे दोन वर्षं तो हिशोब रोज मिळाला. मी न विचारता.

आगारात येणारी माणसं, शेजारपाजारी, गाडीतले ओळखीचे प्रवासी, सगळ्यांना माझं कौतुक. पोर लहान असून नोकरी करते, धीराची आहे. काहीजण उलटंही बोलायचे. एका बाईनं भर गाडीत ऐकवलं होतं, एवढंसं लेकरू टाकून बाहेर पडायचं म्हणजे काळीज दगडाचं हवं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देता येईल. मी मूल टाकलं नव्हतं. मी ते ठेवलं होतं, एका माणसाच्या मांडीवर. टाकणं आणि ठेवणं यात जे अंतर आहे, ते सगळं अंतर त्या माणसानं भरून काढलं होतं.

त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा आमच्या दोन गाड्या त्या पुरात गेल्या. महाडला राहणाऱ्या कुणालाही त्या रात्रीबद्दल विचारा, पाऊस कसा होता ते सांगताना माणूस अजून गप्प होतो. त्या दिवशी दुपारी मी पोलादपूरची जादा फेरी करून त्याच पुलावरून आले होते. पुढचे कित्येक दिवस नदीकाठी माणसं उभी होती. गाड्यांतल्या चालक-वाहकांच्या घरची, प्रवाशांच्या घरची. कुणी काही बोलत नव्हतं, पाण्याकडे बघत होते.

मी ३ तारखेला ड्युटीवर गेले. जावंच लागतं. पनवेलहून परत येताना गाडीत नेहमीसारखा गलका नव्हता. घरी पोचले तर आई बाळाला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत आलेल्या. भर पावसात, एका हातात छत्री. मी रागावले. बाळ भिजलं असतं म्हणून. त्यांनी काही न बोलता मूल माझ्याकडे दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, डोक्यापासून कमरेपर्यंत, जसं बाळंतिणीला तेल लावताना फिरवायच्या. त्यानंतर मी घरी पोचायच्या वेळी त्या दारात असतात. नवीन पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्यावरून मी शेकडो फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी पूल संपला की मी मनातल्या मनात हात जोडते.

तोपर्यंत घरी परत येणं ही गोष्ट मला गोष्टच वाटत नव्हती. काम संपलं की माणूस घरी येतो, त्यात काय? आता वाटतं, माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं भाग्य हेच आहे की मी दिवस बुडायच्या आत किंवा बुडाल्यावर घरी येते, चपला काढते, आणि आतून कुणीतरी ओरडतं, "आई आली!" मग भांडणं. आजीनं अभ्यासाला बसू दिलं नाही, बाबांनी भाजी खारट केली. कुकरच्या शिट्ट्या, ओले कपडे, उद्याच्या डब्याला काय, वहीला कव्हर नाही. या सगळ्यात मी हरवून जाते आणि हरवून जायला मला आवडतं.

वाहकाच्या नोकरीत एक गोष्ट अशी बघायला मिळते जी दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळत नसेल. सातव्या महिन्यात मुली बाळंतपणाला माहेरी जातात. सोबत वडील किंवा भाऊ, पिशवीत ओटीचा नारळ, हिरवी साडी, आणि हात सारखा पोटावर. मी त्यांना चाकावरचं बाक देत नाही, मधलं बाक देते, तिथे धक्के कमी बसतात. चालकमामांना सांगून ठेवते, ते खड्डे सांभाळून घेतात. चार-पाच महिन्यांनी तीच मुलगी परत सासरी निघते. या वेळी सोबत आई असते, डिंकाच्या लाडवांचा डबा असतो, आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ असतं, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. म्हणजे तिचं जाताना एक तिकीट, येतानाही एकच. माझ्या मशीनला कळतही नाही की माणूस वाढलं. मला कळतं. मी बाळाच्या पावलाला बोट लावते आणि विचारते, मुलगा की मुलगी? कुणी "मुलगीच झाली" म्हणालं की त्या "च" वर मला बोलावंसं वाटतं, आणि मी बोलते. म्हणते, मलाही मुलगीच आहे, बघा कशी मजेत आहे मी.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं. तेव्हापासून गाडीतल्या आया वाढल्या आहेत हे मी माझ्या डोळ्यांनी बघते. लेकीच्या बाळंतपणाला एकदा जाऊन यायची ती आता महिन्यातून दोनदा जाते. हळीव, सुंठ, बाळाची लंगोटी, भाजलेल्या तांदळाचं पीठ, काय काय पिशव्यांतून जातं! बाळाला तीन महिने झाल्याशिवाय तोंड दिसायचं नाही अशी जिची परिस्थिती होती, ती आजी आता पाचवीला हजर असते. मी तिकीट फाडून देते तेव्हा त्या पिशवीचं ओझंही थोडं माझ्या हाताला लागतं.

लेक तीन वर्षांची झाल्यावर मला महाड-रायगड मार्गाची ड्युटी मिळाली. नाते, कोंझर, पाचाड आणि मग हिरकणवाडी, जिथून रोपवे वर जातो. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. तिथे शाळांच्या सहली उतरतात. ६ जूनला राज्याभिषेकाच्या दिवशी तर गाडीत उभं राहायला पाय ठेवायची जागा नसते. मी दिवसातून कितीदा तरी मोठ्यानं ओरडते, "चला, हिरकणवाडीऽऽ!" आणि सहलीची मुलं खिडक्यांतून माना वर करून बुरूज शोधतात.

हिरकणीची आख्यायिका मराठी मुलाला सांगावी लागत नाही. गवळण दूध घालायला गडावर गेली, कोजागरीचा दिवस, दरवाजे बंद झाले, खाली तान्हं बाळ. चांदण्यात ती कडा उतरून गेली आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. आमच्या महामंडळाच्या निमआराम गाडीचं नाव हिरकणी. स्थानकांवर आयांना दूध पाजायला जी खोली असते तिचं नाव हिरकणी कक्ष. तान्ही मुलगी घरी असताना मला ही गोष्ट फार जवळची वाटायची. पनवेलच्या मोरीत दूध सोडताना मी तिला आठवायचे. तिला कडा होता, मला वडखळचा नाका होता.

या गोष्टीतलं माझ्या कधी ध्यानात न आलेलं काही मला आईंनी दाखवलं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना प्रवास मोफत झाला. आईंना त्याच पावसाळ्यात पंचाहत्तर पूर्ण झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत नात मागे लागली, आजीला आईच्या गाडीतून रायगडला नेऊ. एवढी वर्षं महाडात काढलेल्या आई रायगडाच्या पायथ्याशी कधी गेलेल्या नव्हत्या. शेती, गुरं, मुलं, मग माझं मूल, यात राहून गेलं. त्या दिवशी नेसल्या ती इंदुरी साडी, नाकात नथ. मी माझ्या गाडीत माझ्या सासूचं आधारकार्ड तपासलं, कारण नियम तो नियम, आणि त्यांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं. "पैसे नाय, मग कागद कशाला?" मी म्हटलं, "गाडीत तुम्ही होतात याची नोंद." ते उत्तर त्यांना आवडलं. तिकीट कनवटीला खोचलं.

मुलीनं मात्र हट्टानं स्वतःचं अर्धं तिकीट काढून घेतलं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर तिचं पहिलं अर्धं तिकीट मीच काढलं होतं, ते अजून माझ्या पाकिटात आहे. या मशीनच्या तिकिटाची छपाई टिकत नाही. कधीच पांढरं पडलंय. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे.

हिरकणवाडीला गाडीला थोडा वेळ असतो. नातीनं आजीला हाताला धरून उतरवलं आणि बोट दाखवून सगळी गोष्ट सांगितली, शाळेत बाईंनी सांगितली होती तशी, हातवारे करून. आई मान वर करून कड्याकडे बघत होत्या. ढग उतरले होते, बुरूज दिसायचा आणि जायचा. गोष्ट संपली. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उतरली खरी. पण रात्र झाली होती ना? तवर पोर कुणी राखलं तिचं?"

नात गोंधळली. पुस्तकात ते नव्हतं.

"कुणीतरी असेलच की घरात," आई म्हणाल्या. "एवढा वेळ पोर काय एकलं ऱ्हातंय? कुणी तरी मांडीवर घेऊन बसलं असंल. झुलवलं असंल. येते हां बाय तुझी आय, म्हणून."

मी गाडीच्या पायरीवर उभी होते. हातात मशीन. माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी दोन वर्षं उभी राहिली. ओट्यावरचं बोंडलं, तो रोजचा हिशोब, पावसातली छत्री. मी माझ्या कड्याचं कौतुक ऐकत राहिले होते. खाली झोपडीत दिव्याशी बसून कुणी रात्र काढली, त्या बाईचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मीही नाही. मी आईंना कधी तोंडानं "तुमच्यामुळे जमलं" असं म्हटलेलं नव्हतं. आपल्याकडे घरात आभार मानायची रीत नाही, मानले तर परकं वाटतं. पण त्या दिवशी मी गाडीतून खाली उतरले आणि भर थांब्यावर, प्रवाशांसमोर, खाकी कपड्यांत, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्या दचकल्या. "काय झालं गो?" म्हणाल्या. मला सांगता आलं नाही. चालकमामांनी हॉर्न दिला. वेळ झाली होती.

तेव्हापासून सहलीची मुलं बसली की मी त्यांना ही पुरवणी सांगते. हिरकणी उतरली, ते खरं. आणि ती उतरेपर्यंत बाळाला राखणारं कुणी होतं, तेही लक्षात ठेवा. मुलं विचारतात, कोण होतं? मी म्हणते, घरी गेल्यावर आजीला विचारा.

गणपतीत आमच्या रजा बंद असतात. सगळा कोकण घरी येतो, त्याला आणायला आम्ही हवेत. लेकीच्या जन्मानंतरच्या बहुतेक चतुर्थ्यांना मी रस्त्यावर होते. मी पोचेपर्यंत आरती थांबवायची असा आईंचा हट्ट. एका वर्षी रात्री साडेअकराला आरती झाली. लेक पाटाशेजारी झोपून गेली होती, हातात झांज तशीच. नवऱ्यानं माझ्यासाठी दोन मोदक झाकून ठेवले होते. खाल्ले तेव्हा ते गार होते, आणि खोबऱ्याचं सारण आतून अजून ओलं होतं. असा प्रसाद मी दुसऱ्या कुठल्या घरात खाल्लेला नाही.

सध्या आई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. नावं विसरतात. मला कधी कधी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. लेक दहा वर्षांची आहे. शाळेतून आली की तीच आजीला चहा देते, गोळ्या देते, आणि मी घरी आले की मला सांगते: आजीनं दोनदा जेवण केलं, एकदा चहा सांडला, दुपारी एक तास झोपली. हा हिशोब द्यायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

या महिन्यात माझी ड्युटी पुन्हा पहाटेची आहे. चारला उठते, डबे भरते, मुलीच्या अंगावर पांघरूण घालते. सगळं घर झोपलेलं असतं, आई सोडून. त्या काठी टेकत दारापर्यंत येतात. मी बाहेरून दार ओढून घेते, त्या आतून कडी लावतात. कडीचा आवाज ऐकला की मी पायऱ्या उतरते.